थोरल्यानं ‘जा’ म्हणेपर्यंत

सोलापूरच्या सात रस्त्याजवळ हल्ली एक काचेची व्यायामशाळा झाली आहे. आत घाम गाळणारी माणसं रस्त्यावरून दिसतात, आणि मला तर वाटतं, ती काच त्याच्यासाठीच आहे. माझा नातू तिथं जातो. परवा जेवताना मला म्हणाला, "आजोबा, नुसतं वजन उचलून काही होत नसतं. आठवड्यातनं दोन दिवस सर्किट ट्रेनिंग पाहिजे." मग ते काय असतं हे त्यानं मला वरणभात खाता खाता समजावून सांगितलं. मी ऐकून घेतलं. शिकवायला बसलेल्या माणसाला मध्ये अडवू नये, तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

सर्किट मला ठाऊक आहे. हा पोरगा तर सोडाच, त्याचा बापही जन्माला आला नव्हता तेव्हा मी ते करत होतो, आणि चांगलं करत होतो. मला जे जमलं नाही ते दुसरंच होतं. ते शिकवणारी व्यायामशाळा सोलापुरात तेव्हा नव्हती आणि काच लावून आताही झालेली नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरून तीन-चार वर्षं झाली असतील. मी मूळचा कुंभारी गावचा. सोलापुरात एका गिरणीत बदली कामगार होतो. बदली म्हणजे कायमचा कामगार आजारी पडला, लग्नाला गेला किंवा दारू पिऊन झोपला, तर त्याच्या जागी उभा राहणारा माणूस. रोज सकाळी गिरणीच्या फाटकाशी जायचं आणि कुणाचं तरी वाईट व्हावं म्हणून देवाची करुणा भाकायची. लग्न झालं होतं. बायको अक्कलकोटकडची, घरात कानडी बोलणारी, आणि ती माहेरीच होती. कारण मी राहत होतो भवानी पेठेतल्या एका तालमीत. रात्री कुस्तीच्या मातीच्या हौद्याच्या कडेला सतरंजी टाकायची, पहाटे गुंडाळायची. अशा ठिकाणी बायको कुठं आणणार? सासऱ्यानं स्वच्छ सांगितलं होतं, "कायमची नोकरी आणि डोक्यावर छप्पर दाखवा, मग न्या पोरीला." सासऱ्याचं काही चुकलं होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही.

तालीम म्हटलं की लोकांचा ऊर भरून येतो. माझा येत नाही. आमचे वस्ताद एके काळी गाजलेले पैलवान होते, असं तेच सांगायचे. कान मात्र खरोखरच मोडलेले होते, एवढा पुरावा होता. मी पाहिले तेव्हा त्यांची सर्वांत अवघड कसरत म्हणजे आरामखुर्चीतून उठणं. त्या खुर्चीत बसून ते आम्हाला उपदेश करायचे. दूध प्या, तूप खा, बदाम खा. मी भाकरीबरोबर शेंगाची चटणी खाणारा, तीही फाटकावर काम मिळालं तर. "बदाम भिजवून खावं, कोरडं खाऊ नये," असं ते मला बजावायचे आणि मी मान हलवायचो. न मिळणारी वस्तू भिजवली काय आणि कोरडी काय.

आठवडा ठरलेला होता. सोमवार ते शुक्रवार जोर आणि बैठका, बैठका आणि जोर. शनिवार मारुतीचा, त्या दिवशी पूजा आणि नारळ. रविवारी अंगाला तेल लावून एकमेकांना रगडायचं आणि उन्हात बसायचं. मांड्या खांबासारख्या झाल्या होत्या सगळ्यांच्या. पण एकदा भरदुपारी एक भुरटा मारुतीपुढची पितळी घंटा काढून पळाला, तेव्हा अख्खी तालीम त्याच्या मागे धावली आणि बोळाचं तोंड येईतो अख्खी तालीम गुडघ्यावर हात टेकून उभी होती. तो चोर पुढच्या चौकातून चालत गेला. पळायची त्याला गरजच उरली नव्हती. त्यावर वस्ताद काय म्हणाले? म्हणाले, "पैलवान पळत नसतो. हत्ती कुत्र्याच्या मागं पळतोय व्हय?" झालं. घंटा गेली ती गेलीच, आम्ही हत्ती ठरलो.

आणि एक रिवाज होता. तोच सगळ्या गोष्टीचं मूळ आहे, म्हणून नीट सांगतो. तालमीत एक थोरला पठ्ठा असायचा, वस्तादांच्या खालोखाल मानाचा. त्याला सगळे थोरला म्हणत. अंगानं दांडगा, मनानं तसा वाईट नव्हे, बोलायला कमी. थोरल्याच्या पुढं कुणी जायचं नाही. हौद्यात तो आधी उतरायचा. मुद्गल तो आधी फिरवायचा. त्याचं झालं की तो खाली ठेवायचा, मागं बघायचा आणि म्हणायचा, "जा." मग दुसरा पुढं व्हायचा. आंघोळीच्या हौदावरही हेच. त्यानं ‘जा’ म्हणेपर्यंत तांब्याला हात नाही. मुळात ही पद्धत शहाणपणाचीच असणार. समोरचा मुद्गल फिरवत असताना मधे घुसलं तर डोकं फुटेल, म्हणून कुणीतरी घातलेली असणार. पण आमच्याकडे डोकं वाचवायची युक्ती काढली की थोड्या दिवसांनी डोकं जातं आणि युक्ती राहते. पाच-सहा वर्षं मी तो शब्द ऐकत होतो. तो ऐकल्याशिवाय माझे पाय उचलत नसत, इतकं ते अंगात मुरलं होतं.

त्या वर्षी आगीच्या बंबावर माणसं घ्यायची आहेत अशी बातमी आली. कायम नोकरी, खाकी कपडे आणि राहायला खोली. खोली हे ऐकून मी रात्रभर कूस बदलत राहिलो. वयाची अट होती आणि मी तिच्या उंबऱ्यावर उभा होतो. या खेपेला लागलं तर लागलं, नाहीतर कधीच नाही. परीक्षा अंगाची होती. पाइपाची गुंडाळी घेऊन पळायचं, शिडी चढून उतरायची, वाळूचं पोतं खांद्यावर टाकून न्यायचं, पुन्हा पळायचं आणि शेवटी टांगलेली घंटा वाजवायची. सगळं एका दमात, घड्याळ लावून.

तालमीत आनंदीआनंद झाला. "आपलीच पोरं लागणार," वस्ताद म्हणाले. "पोतं उचलायचं म्हंजे काय, हितं नाल उचलतो आपण." नाल म्हणजे मुठीला धरून उचलायचं दगडाचं जड कडं. थोरला तर जणू लागलाच होता.

एवढ्यात जवळच्या शाळेतले पीटीचे मास्तर तालमीत उगवले. हेही एक रत्न. कुठल्याशा मोठ्या शहरातून व्यायामाचं शिक्षण घेऊन आले होते आणि ते शिक्षण अंगावर दिसावं म्हणून कॅनव्हासच्या बुटांना रोज पांढरी माती फासायचे. गळ्यातली शिट्टी झोपतानाही काढत नसावेत. पण ते जे बोलले ते खरं होतं. शहाणपण बावळट माणसाच्या तोंडून आलं म्हणून बावळट होत नाही, हे मला उशिरा कळलं.

मास्तर म्हणाले, "तुमच्या पोरांच्या अंगात ताकद आहे, पण छातीत दम नाही. जोर काढले की बसतात, बैठका काढल्या की पाणी पितात. ती परीक्षा बसू देणार नाही. आठवड्यातून दोन दिवस द्या मला. बाकीचे दिवस तुमचे जोर-बैठका चालू ठेवा, माझी काही हरकत नाही." मग त्यांनी जमिनीवर काठीनं एक मोठं वर्तुळ काढलं आणि त्याच्यावर खुणा केल्या. इथं दोरीवरच्या उड्या, इथं पोतं उचलणं, इथं बाकावर चढ-उतार, इथं जोर, इथं पळत जाऊन शिवून येणं. एका खुणेवर थोडा वेळ झपाट्यानं करायचं आणि लगेच पुढच्या खुणेवर. पाय दमले की हातांचं काम, हात दमले की पोटाचं. दमलेल्या अवयवाला तेवढ्यात विसावा मिळतो, पण छातीला मिळत नाही. असे फेरे घालायचे. "याला सर्किट ट्रेनिंग म्हणतात," असं म्हणून मास्तरांनी सगळ्यांकडे असं बघितलं, जणू ते त्यांच्याच आईनं शोधून काढलं होतं.

वस्तादांनी वर्तुळाकडे बघितलं. "घाण्याच्या बैलाचं काम हाय की हे," ते म्हणाले. "कुटल्या वारी करायचं म्हंता?"

"मंगळवार आणि शुक्रवार."

"देवीचं वार हायत. न्हाय जमायचं."

"मग सोमवार, गुरुवार?"

"सोमवार सिद्धरामेश्वराचा. गुरुवारी मी दत्ताला जातो, मागं कोन बघनार?"

"शनिवार?"

वस्तादांनी मारुतीकडे बोट केलं. रविवारी तेल. अशी देवांची पंगत बसल्यावर एकटा बुधवार उरला, त्याला कुणी वाली नव्हता, तो मास्तरांच्या पदरात पडला. मास्तर म्हणाले, "रविवारी सकाळी मी शाळेच्या मैदानावर घेतच असतो. ज्याला यायचं त्यानं या."

"या की," वस्ताद आमच्याकडे बघत म्हणाले. ज्या सुरात ते म्हणाले, त्यावरून कुणी जाणार नाही याची त्यांना खात्री होती हे कळत होतं.

बुधवार उजाडला. मास्तरांनी खुणा मांडल्या. तालमीत मोकळी जागा होती ती मारुतीच्या भोवती, म्हणून वर्तुळ मारुतीभोवती पडलं. आणि मग जे व्हायचं तेच झालं. देवाभोवती फिरायचं म्हणजे प्रदक्षिणा. प्रदक्षिणा म्हणजे उजवीकडून. मास्तरांच्या खुणा डावीकडून होत्या, त्या सगळ्या उलट मांडाव्या लागल्या. समोर आलं की हात जोडायचे. हात जोडले की डोळे मिटायचे. डोळे मिटले की दोन श्वास आपोआप खाली बसतात. मास्तर शिट्टी फुंकून लालबुंद झाले, पण देवापुढं शिट्टी वाजवू नका, असं त्यांनाच ऐकावं लागलं.

त्यातून सगळ्यात पुढं थोरला. तो पोतं उचलून ठेवायचा, सावकाश मागं वळायचा आणि म्हणायचा, "जा." मग मागचा हलायचा. मास्तर ओरडत होते, "अरे, त्याच्यासाठी थांबू नका! गोल आहे तो, रांग नाही! ओलांडून जा पुढं!" ओलांडून जा म्हणे. आमच्यापैकी एकानंही पाऊल उचललं नाही. वस्ताद खुर्चीत बसून समाधानानं बघत होते. फेरे झाले, कुणाला धाप लागली नाही, घामही फारसा आला नाही. "लई सोपं हाय की ओ मास्तर," वस्ताद म्हणाले, "ह्येच शिकाया एवढ्या लांब गेला व्हता व्हय?" मास्तर त्या दिवशी चहासुद्धा न घेता गेले आणि परत तालमीत आले नाहीत.

मी मात्र रविवारी शाळेच्या मैदानावर गेलो. मोठा शहाणा होतो म्हणून नव्हे. मला ती खोली पाहिजे होती. तेल लावून उन्हात बसलेल्या मंडळींना सांगितलं की गावाकडे जाऊन येतो. मैदानावर विणकरांच्या घरातली पोरं होती, तेलुगू बोलणारी, काटकुळी. मला बघून ती हसली आणि मी त्यांच्या दंडांकडे बघून मनात हसलो. माझं हसणं दुसऱ्या फेऱ्यापर्यंत टिकलं. तिसऱ्या फेऱ्याला मी लिंबाच्या बुंध्याशी बसून ओकत होतो आणि ती काटकुळी पोरं माझ्या बाजूनं दोरीवर उड्या मारत गेली. इतका अपमान मला गिरणीच्या फाटकावरही झाला नव्हता. एवढी वर्षं पोसलेल्या मांड्या, आणि त्या मला उभं करायला तयार नव्हत्या.

पण गेलो. पुढच्या रविवारी गेलो, त्याच्या पुढच्या रविवारी गेलो. बुधवारी फाटकावर काम मिळालं नाही तर संध्याकाळी पुन्हा मैदानावर. बाकीचे दिवस तालमीचे जोर-बैठका होतेच, ते सोडले नाहीत आणि सोडायची गरजही नव्हती. पावसाळा सरेपर्यंत माझं अंग बदललं. दिसायला तेच होतं, उलट थोडं उतरलंच. "आजारी हायस काय?" असं वस्तादांनी विचारलं. पण आतून काहीतरी मोकळं झालं होतं. गिरणीतले सुताचे गठ्ठे घेऊन जिना चढलो तर वर गेल्यावर मला बोलता यायचं. पाय थकले तरी छाती थकायची नाही, आणि छाती थकली नाही की पायांनाही लाज वाटून ते चालत राहतात. मास्तर मला म्हणाले, "तू लागणार." मास्तरांबद्दल मी इतकं वाईट बोलतो, पण हे वाक्य मला अजून गोड लागतं.

थोरल्यालाही मी एकदा हळूच म्हटलं होतं, "दादा, रविवारी शाळंकडं चला की. दम लागतो तितं खरा." त्यानं तेलाच्या वाटीतून बोट काढलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "वस्ताद काय म्हंतील?" तिथंच विषय संपला. एवढा दांडगा माणूस, पण त्याला स्वतःचं मत उचलत नव्हतं.

परीक्षेचा दिवस आला. मोठं मैदान, कडेला बघ्यांची गर्दी, त्यात तालमीतले सगळे फेटे बांधून. उमेदवारांना थोड्या थोड्या अंतरानं सोडत होते. थोरला सुटला, त्याच्या मागून मी, माझ्या मागून विणकरांच्यातलं एक पोरगं. थोरला सुटताना तालमीनं आरोळी ठोकली. पाइपाची गुंडाळी त्यानं अशी उचलली की जणू उशी होती. मी सुटलो. गुंडाळी टाकली, शिडी चढलो, उतरलो. श्वास लागत होता पण हातात होता. मला मनातल्या मनात खोली दिसत होती, चूल कुठं मांडायची तेही दिसत होतं.

पोत्यांशी आलो आणि पुढं थोरला उभा. ओळीनं पोती मांडलेली होती, वाट रुंद होती. एक गाडी बाजूनं गेली असती. पण तो पोत्यापाशी वाकून, गुडघ्यावर हात टेकून उभा होता आणि त्याची पाठ भात्यासारखी वरखाली होत होती. मी त्याच्या मागं पोहोचलो आणि थांबलो.

विचार करून थांबलो असं नाही. विचार केला असता तर गेलो असतो. पायच थांबले. त्यानं मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी थांबलोय हे त्याला कळलं, का थांबलोय तेही कळलं. त्यानं तोंड उघडलं. एक शब्द म्हणायचा होता त्याला, एका अक्षराचा, आणि तेवढाही श्वास त्या पहाडाएवढ्या छातीत उरला नव्हता. ओठ हलत होते, आवाज नव्हता. वर्षानुवर्षं मांड्या पोसल्या, आणि ‘जा’ म्हणायला दम नाही!

बंबाचे साहेब ओरडले, "ए, तू का थांबलास? पाय मोडला काय?"

मी म्हणालो, "न्हाय साहेब. त्ये मोठे हायत."

साहेबांना ते कळलं नाही. कुणाही शहाण्या माणसाला कळलं नसतं. मागून विणकरांचं पोरगं आलं, "सरका, सरका," म्हणत आम्हा दोघांच्या मधून घुसलं, पोतं खांद्यावर घेतलं आणि गेलं. त्याला कुणी वस्ताद नव्हता. थोड्या वेळानं लांबून घंटा ऐकू आली, ती त्याची. मग साहेबांनी शिट्टी वाजवली आणि आम्हा दोघांना हातानंच बाजूला केलं. तेव्हा कुठं थोरल्याला श्वास आला आणि तो म्हणाला, "जा." मी कुठं जाणार होतो? बाहेर जायच्या वाटेनं गेलो.

संध्याकाळी तालमीत पाऊल टाकलं तर दिवे लावलेले, गुलाल, हार. मला वाटलं दुसऱ्या कुणाचं काही आहे. ते माझं होतं. वस्ताद स्वतः खुर्चीतून उठले, यावरून प्रसंगाची कल्पना यावी. मला पाटावर बसवलं, कपाळाला गुलाल लावला, हातात नारळ दिला. "नोकऱ्या छप्पन मिळतील," ते म्हणाले, "पन असा पठ्ठा मिळनार न्हाय. समोर सोन्याचा घास व्हता, तरी थोरल्याला वलांडून गेला न्हाय. ह्येला म्हनतात तालीम!" सगळ्यांनी मारुतीचा जयजयकार केला. फेटा थोरल्यानं बांधला. बांधताना त्यानं माझ्या डोळ्याला डोळा दिला नाही आणि तो फेटा इतका घट्ट आवळला की माझं डोकं ठणकायला लागलं. छप्पन नोकऱ्यांपैकी एखादी तरी वस्तादांनी सांगावी म्हणून मी वाट बघितली. त्यांनी पेढे वाटायला सांगितले. पाटावर बसून मला रडू येत होतं आणि लोकांना वाटलं, पोरगं भारावलं.

दुसऱ्या दिवशी फाटकावर काम मिळालं नाही. नारळ पिशवीत टाकला आणि सासुरवाडीची गाडी धरली. बायकोला तोंडानं सांगायला हवं होतं. चुलीपाशी बसून ती भाकरी थापत होती. मी सगळं सांगितलं. शेवटी नारळ पुढं ठेवला.

"ह्ये कशाबद्दल?" तिनं विचारलं.

"मागं थांबलो म्हणून दिला."

तिनं तव्यावरची भाकरी उलटली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आमी बायका तर जल्मभर मागंच थांबतो. सगळ्यांची जेवनं झाल्याशिवाय ताट घेत न्हाय. आमाला कुनी कंदी नारळ दिला न्हाय."

तिनं उठून तो नारळ उंबऱ्यावर फोडला, खोबरं काढलं, मिरची-लसूण घालून पाट्यावर वाटलं आणि त्याची चटणी माझ्या भाकरीवर घातली. वस्तादांच्या संस्कारांचं एवढंच काय ते चीज झालं. जेवण झाल्यावर ती कानडीत बापाशी बराच वेळ भांडली. मला निम्मं कळलं. सकाळी तिनं गाठोडं बांधलं. सासरा म्हणाला, "छप्पर कुठाय?" ती म्हणाली, "बघतो आमी." कुणी ‘जा’ म्हणायची तिनं वाट बघितली नाही.

भवानी पेठेतच एक खोली घेतली, मागं गटार, पुढं मागाची खडखड. ती शेजारणींबरोबर कांड्यांवर सूत भरायला लागली. मी तालमीतली सतरंजी उचलून आणली ती कायमचीच. वस्तादांना वाईट वाटलं म्हणे. त्यांना वाईट वाटल्याचं ऐकून मला दोन दिवस बरं वाटलं.

रविवारी शाळेच्या मैदानावर जाणं मात्र मी सोडलं नाही. नोकरी गेली तरी दम का घालवायचा? काटकुळी पोरं होती, मास्तर होते. वर्ष सरत आलं आणि बंबाची पुन्हा भरती निघाली. मी वयातून बाहेर पडलो होतो. श्रावणातच पडलो होतो. थोरला माझ्यापेक्षा मोठा दिसायचा, पण त्याच्या शाळेच्या दाखल्यावर वय कमी लागलेलं होतं. त्याला आणखी एक खेप होती.

आणि एका रविवारी तो आला. तेल न लावता, फेटा न बांधता. पोरांच्या घोळक्यात तो अवघडून उभा राहिला. मास्तरांनी खुणा मांडल्या, आणि तो येऊन माझ्या मागं थांबला. मी म्हटलं, "दादा, तुमी आदी."

"न्हाय," तो म्हणाला. मग मैदानाकडे बघत, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा म्हणाला, "आदीच सांगून ठेवतो, मागनं दम ऱ्हात न्हाय माजा. मी पुडं असो, कुटंबी असो, माज्यासाटी थांबायचं न्हाय. जा तू."

मला त्याचा इतका राग आला की हात शिवशिवले. बैल गेल्यावर झोपा करायला आला होता. हा शब्द त्यानं ह्या आधी कधीही, तालमीत, तेल लावताना, आंघोळीच्या हौदावर, फुकटात सांगून ठेवला असता तर माझी चूल आज बंबाच्या चाळीत असती. पण त्याचे डोळे लाल झाले होते आणि तो माझ्याकडे बघत नव्हता. मग शिट्टी वाजली. तिसऱ्या फेऱ्याला तो लिंबाच्या बुंध्याशी बसून ओकत होता आणि मी त्याच्या बाजूनं गेलो. थांबलो नाही.

घरी आलो तर बायको जेवायला वाढत होती. दोन ताटं एकदम, तसं तिनं ह्या खोलीत पहिल्या दिवसापासून ठेवलं होतं.

"थोरला आला होता मैदानावर," मी म्हणालो.

"काय म्हनला?"

"म्हणाला, जा."

तिनं भाकरी माझ्या ताटात ठेवली, स्वतःच्या ताटात ठेवली आणि माझ्याकडे बघत विचारलं, "कुटं?"